घर ते विहीर : बिनतारी पूल कसा बांधावा

गावठाणातील घरात इंटरनेटची जोडणी आली, परंतु विहीर, मोटर आणि गोठा मात्र शिवारात अर्ध्या किलोमीटरवर राहिले, अशी स्थिती आज पुष्कळ गावांत दिसून येते. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली म्हणजे शेतकऱ्यास हाती बॅटरी घेऊन उसाच्या बांधावरून विहिरीकडे जावे लागते. साप-विंचवाचे आणि रानडुकरांचे भय असते. ऊसपट्ट्यात बिबट्याचेही असते. एवढे करून विहिरीवर पोचावे तो वीज गेलेली असते, किंवा तिन्हीपैकी एक फेज नसतो. मोटर चालू आहे की नाही हे घरबसल्या कळेल, गोठ्यातील व्यालेली गाय कॅमेऱ्यातून दिसेल, तर ह्यांतील पुष्कळ फेऱ्या वाचतील. जेथे शिवारात मोबाइलची रेंज पुरेशी असते तेथे मोबाइलवर चालणाऱ्या साधनांनी हे काम भागते. परंतु ओढ्याकाठच्या खोलगट जागी रेंज मिळत नाही. अशा ठिकाणी घरातील जोडणी विहिरीपर्यंत नेण्याचा मार्ग म्हणजे दोन यंत्रांमधील बिनतारी पूल होय.

हे काम अवघड नाही. परंतु ते क्रमाने करावयास पाहिजे. ह्या पाठात तो क्रम दिला आहे. त्यातही एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे व ती आरंभीच सांगणे इष्ट होय : पूल यंत्राच्या किमतीवर टिकत नाही, तर दोन टोकांमधील मोकळ्या वाटेवर टिकतो. आणि शेतातील वाट बारा महिने सारखी मोकळी नसते.

पूल म्हणजे काय

घरातील वायफायचा ॲक्सेस पॉइंट हा तुषार सिंचनाच्या नोझलप्रमाणे असतो. तो चोहोबाजूंस लहरी फेकतो. म्हणून त्या थोड्या अंतरावर विरून जातात. पुलाची यंत्रे ही पाइपलाइनीप्रमाणे असतात. एक टाकी घरी, दुसरी विहिरीवर, आणि मधील नळातून पाणी इकडून तिकडे जाते. वाटेत कोणालाही मिळत नाही. पुलाच्या यंत्रातील अँटेना सर्व लहरी एकाच दिशेस रोखते, त्यामुळे त्याच शक्तीत त्या दूरवर पोचतात. विहिरीवर पोचलेली जोडणी तेथील मोबाइल, कॅमेरा इत्यादींना वाटून देण्यासाठी तेथे आणखी एक लहान ॲक्सेस पॉइंट लावावा लागतो.

केबल का टाकू नये, असा प्रश्न शेतकरी विचारतात. नेटवर्कच्या नेहमीच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. शिवाय जमिनीत पुरलेली केबल नांगराने तुटते, उंदीर-घुशी ती कुरतडतात, आणि वीज पडल्यास तिच्यातून झटका घरापर्यंत येतो. अंतर १०० मीटरच्या आत असेल व केबल पाइपातून नेता येत असेल, तर पूल न बांधता केबलच टाकावी. त्याहून अधिक अंतर असल्यास पुलाचा विचार करावा.

भारतात ह्या कामासाठी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली, आणि ५ गिगाहर्ट्‌झचे पट्टे २०१८ साली विनापरवाना वापरास मोकळे झाले. अट एवढीच की मान्यताप्राप्त यंत्र वापरावे आणि ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेच्या आत राहावे. यंत्राच्या मांडणीत देश म्हणून ‘भारत’ निवडला म्हणजे यंत्र सामान्यतः ही मर्यादा आपोआप पाळते. अधिक लांब पोचेल ह्या लोभाने दुसरा देश निवडू नये.

पहिले काम : वाटेची पाहणी

यंत्रे विकत घेण्यापूर्वी पाहणी करावी. घराच्या गच्चीवर उभे राहून विहिरीवरचा नियोजित खांब डोळ्यांनी दिसला पाहिजे. दिवसा ओळखू येत नसेल तर विहिरीवर लांब बांबूच्या टोकास पांढरे फडके बांधून उभे करावे, अथवा अंधार पडल्यावर तेथून बॅटरीचा उजेड दाखवावा.

परंतु केवळ दिसणे पुरेसे नाही. लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. त्यांचा प्रवाह मध्यभागी फुगलेला असतो, धान्याने भरलेल्या पोत्यासारखा. हा फुगवटा बऱ्याच अंशी मोकळा राहिला पाहिजे. त्याची मध्यावरील त्रिज्या काढण्याचे सूत्र असे : अंतर किलोमीटरमध्ये घ्यावे, त्यास वारंवारतेच्या चौपटीने भागावे, येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १७.३ ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. त्यापैकी निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. ५.८ गिगाहर्ट्‌झसाठी हे हिशेब असे येतात :

३०० मीटर अंतर : त्रिज्या सुमारे २ मीटर, मोकळी जागा १.२ मीटर.
६०० मीटर अंतर : त्रिज्या सुमारे २.८ मीटर; मोकळी जागा १.७ मीटर.
१००० मीटर अंतर : त्रिज्या सुमारे ३.६ मीटर; मोकळी जागा २.२ मीटर.

आता एक उदाहरण घेऊ. घरापासून विहीर ६०० मीटर असून मध्ये सुरू हंगामाचा ऊस आहे असे समजू. लागवड जानेवारीत झाली. चैत्रात पूल उभारला तेव्हा ऊस गुडघ्याएवढा होता. खांब ४ मीटरांचे लावले, जोडणी उत्तम चालली, आणि घरमालक निश्चिंत झाला. श्रावणात जोडणी अधूनमधून तुटू लागली. भाद्रपदात ती बंद पडली. दुकानदाराने यंत्र बदलून दिले, तरी गुण आला नाही. कारण दोष यंत्रात नव्हताच. ऊस ४ मीटरांपर्यंत वाढला होता, आणि त्याच्या हिरव्या पानांतील पाणी लहरी शोषून घेत होते. जेव्हा रात्री पाणी देण्याची खरी गरज, नेमका तेव्हाच पूल निकामी झाला.

हिशेब आधी केला असता तर खर्च वाचला असता. उसाची पूर्ण उंची ४ मीटर, त्यावर मोकळी जागा १.७ मीटर, बेरीज ५.७ मीटर. म्हणजे सपाट जमिनीत दोन्ही टोकांस अँटेना ६ मीटर, अर्थात २० फूट उंचीवर हवी. वाटेत जमिनीचा १ मीटर चढ असेल तर तेवढी उंची वाढवावी. घराकडील टोकास गच्ची असल्यास तेथे लहान पाइप पुरतो.

म्हणून पाहणी करताना आज काय उभे आहे हे न पाहता वर्षभरात काय उभे राहील हे पाहावे. वाटेत शेजाऱ्याचे शेत असल्यास त्याला पुढील दोन वर्षांचा बेत विचारावा. आज तेथे हरभरा असेल व उद्या केळी लागतील. आंबा, बाभूळ, नारळ ह्यांवरून पूल नेण्याचा प्रयत्न करू नये. खांबाची जागा चार पावले सरकवून झाड चुकवावे. जागा सरकवूनही वाट मोकळी मिळत नसेल तर पुलाचा खर्च करू नये, हाच प्रामाणिक सल्ला होय.

लागणारे साहित्य

१. पुलाची दोन यंत्रे. ती एकाच कंपनीची व एकाच जातीची, ५ गिगाहर्ट्‌झची, दिशादर्शी अँटेना असलेली व उघड्यावर टिकणारी असावीत. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी पूल जुळवतीलच असे नाही.
२. प्रत्येक यंत्राबरोबर मिळणारा पीओई अडॅप्टर. ह्याने एकाच केबलमधून वीज व जोडणी दोन्ही वर जातात.
३. उन्हात न तडकणारी, बाहेर वापरावयाची तांब्याची केबल.
४. विहिरीवरील लहान ॲक्सेस पॉइंट.
५. जीआय पाइपचे खांब, क्लॅम्प व ताणाच्या तारा.
६. अर्थिंगचे साहित्य व केबलसाठी झटकारोधक.
७. विहिरीकडे बॅटरी व तिचा चार्जर. शेतीच्या फीडरची वीज दिवसातून काही तासच असते. पुलाचे यंत्र व ॲक्सेस पॉइंट मिळून १० वॅट घेतात आणि १६ तास वीज नसते असे धरल्यास १६० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॅट-तास मावतात. तिचा निम्मा भागही वापरावा लागत नाही, त्यामुळे ती अधिक काळ टिकते. यंत्रास किती व्होल्ट लागतात ते त्याच्या पाटीवर पाहून त्याप्रमाणेच जोडणी करावी.

दुसरे काम : घरी टेबलावर जुळणी

यंत्रे खांबावर चढवून मग मांडणी करीत बसणे ही नेहमी होणारी चूक आहे. सर्व जुळणी घरी, सावलीत, टेबलावर पुरी करावी.

नेटवर्कमधील प्रत्येक यंत्रास स्वतःचा पत्ता असतो. एकाच कंपनीची दोन्ही यंत्रे कारखान्यातून एकच पत्ता घेऊन येतात. म्हणून एका वेळी एकच यंत्र संगणकास जोडावे, त्याचा पत्ता बदलावा, आणि नंतरच दुसरे घ्यावे. पत्ते पुढीलप्रमाणे ठरवून कागदावर लिहून ठेवावेत :

घरातील मुख्य राउटर : १९२.१६८.१.१
घराकडील पूल-यंत्र : १९२.१६८.१.२
विहिरीकडील पूल-यंत्र : १९२.१६८.१.३
विहिरीवरील ॲक्सेस पॉइंट : १९२.१६८.१.४

घरातील राउटरचा पत्ता वेगळा असल्यास पहिले तीन आकडे त्याच्याप्रमाणे ठेवावेत. मोबाइल वगैरेंना आपोआप पत्ते वाटण्याचे काम, ज्यास डीएचसीपी म्हणतात, ते फक्त मुख्य राउटरकडे असावे. त्याने १०० ते १९९ ह्या दरम्यानचे पत्ते वाटावेत, म्हणजे वरील पत्त्यांशी टक्कर होणार नाही. विहिरीवर जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरावयाचा असल्यास त्यातील डीएचसीपी बंद करावे आणि पुलाची केबल त्याच्या लॅन खाचेत जोडावी. एका गावात दोन तलाठी निरनिराळे उतारे देऊ लागले तर जो घोटाळा होईल, तोच दोन डीएचसीपींमुळे होतो.

घराकडील पूल-यंत्र ‘ॲक्सेस पॉइंट’ ह्या कामावर ठेवावे आणि विहिरीकडील यंत्र ‘स्टेशन’ अथवा ‘क्लायंट’ ह्या कामावर. दोन्हींत ‘ब्रिज’ ही मांडणी निवडावी, आणि ‘डब्ल्यूडीएस’ असा पर्याय असल्यास तो दोन्हीकडे चालू करावा. तो एकीकडेच चालू राहिल्यास पूल जुळल्यासारखा दिसतो, परंतु विहिरीवरील मोबाइलला जोडणी मिळत नाही.

पुलास घरच्या वायफायपेक्षा वेगळे नाव द्यावे. सुरक्षिततेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा त्याहून नवी पद्धत निवडून दोन्हीकडे एकच, निदान १२ अक्षरांचा पासवर्ड घालावा. यंत्रात शिरण्याचा कारखान्यातील पासवर्डही बदलावा. वाहिनी १४९ ते १६५ ह्यांमधील घ्यावी. ५ गिगाहर्ट्‌झच्या मधल्या काही वाहिन्यांवर रडारला प्राधान्य असते व तेथे यंत्र मध्येच वाहिनी सोडून देते. वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. वेग थोडा कमी मिळतो, पण जोडणी अधिक पक्की राहते, आणि मोटर व कॅमेऱ्यासाठी तेवढा वेग पुरतो.

नंतर यंत्रांची शक्ती सर्वांत कमी करून ती खोलीच्या दोन टोकांस ठेवावीत, राउटर व ॲक्सेस पॉइंट आपापल्या जागी जोडावेत आणि मोबाइलवर इंटरनेट चालते का ते पाहावे. चालल्यास दोन्ही यंत्रांवर रंगाने ‘घर’ व ‘विहीर’ असे लिहावे. पूल चालू असताना ती दोन यंत्रे एकमेकांस केबलने कधीही जोडू नयेत. तसे केल्यास माहिती घाण्याच्या बैलाप्रमाणे गोल फिरत राहते व सर्व जाळे ठप्प होते.

तिसरे काम : उभारणी व रोख

खांब विजेच्या तारांपासून इतका दूर असावा की तो आडवा पडला तरी तारेस लागणार नाही. वीज मंडळाच्या खांबावर यंत्र बसवू नये. ६ मीटरांच्या खांबासाठी १ मीटर पाइप काँक्रीटमध्ये गाडून तीन बाजूंस ताण द्यावा. खांब वाऱ्याने वळला की पूल तुटतो. खांबास अर्थिंग द्यावे. केबल यंत्रातून निघाल्यावर तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाशी गळून पडते, खाचेत शिरत नाही. पीओई अडॅप्टरवर दोन खाचा असतात. ‘पीओई’ लिहिलेल्या खाचेतील केबल खांबावर जाते आणि ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेतील राउटरकडे. ही अदलाबदल झाल्यास राउटर जळण्याचा संभव असतो.

दोन्ही अँटेना एकाच ठेवणीत, म्हणजे दोन्ही उभ्या, असाव्यात. यंत्रांची शक्ती पुन्हा मर्यादेपर्यंत वाढवावी. रोख लावण्यास दोन माणसे लागतात. घराकडील यंत्र प्रथम डोळ्यांनी विहिरीकडे रोखून घट्ट करावे. मग विहिरीकडील माणसाने आपले यंत्र सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर सिग्नलचा आकडा वाचून सांगावा. हा आकडा उणे असतो; उणे ५५ हा उणे ७५ पेक्षा चांगला. आकडा सुधारून पुन्हा बिघडू लागेपर्यंत फिरवावे आणि मग उत्तम जागी परत यावे. पहिल्या बऱ्या आकड्यावर थांबू नये. त्यानंतर वर-खाली तसेच करावे. शेवटी विहिरीकडील यंत्र घट्ट करून घराकडील यंत्र त्याच रीतीने जुळवावे.

उणे ५० ते उणे ६५ हा सिग्नल उत्तम समजावा. उणे ७५ च्या खाली गेल्यास पूल भरवशाचा नाही. नंतर घरातील संगणकावरून १९२.१६८.१.३ ह्या पत्त्यास १०० वेळा ‘पिंग’ करावे. एकही हाक वाया जाता कामा नये.

नोंदवही व दोष-शोध

दर महिन्याच्या पहिल्या दिवशी तारीख, सिग्नलचा आकडा व वाटेतील पिकाची उंची वहीत लिहावी. आकडा महिन्या-महिन्याने घसरत असल्यास पीक अथवा फांदी आड येत आहे. वादळानंतर एकदम घसरल्यास खांब वळला आहे. पावसानंतरच बिघडत असल्यास खाचेत पाणी शिरले आहे किंवा ओली पाने वाटेत आहेत. एवढ्या अंतरावर केवळ पावसाच्या धारांनी ५ गिगाहर्ट्‌झचा पूल बंद पडत नाही. दोष शोधताना प्रथम दिवा, मग केबल, मग सिग्नल आणि शेवटी पत्ते, हा क्रम सोडू नये. आकाशात गडगडाट सुरू झाल्यास खांबावर चढू नये. यंत्राची केबल व वीज शक्य तर आधीच काढून ठेवावी.

मोटरीविषयी इशारा

पुलावरून मोटर सुरू करण्याची सोय करावयाची असल्यास स्टार्टरचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि फेज गेल्यास अथवा विहीर आटल्यास मोटर आपोआप बंद करणारे संरक्षण अवश्य बसवावे. त्याहून मोठी गोष्ट माणसाच्या जिवाची. घरी बसलेल्यास विहिरीत कोण उतरले आहे हे दिसत नाही. विहिरीत उतरणाऱ्याने किंवा मोटरीस हात लावणाऱ्याने प्रथम मेन स्विच बंद करून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. घरातील प्रत्येकास, मुलांसही, हा नियम ठाऊक असावा. रात्रीची फेरी वाचविण्यासाठी आणलेल्या साधनाने दिवसा घात होऊ नये.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

पाहणी आधी, खरेदी नंतर. पिकाची पूर्ण वाढलेली उंची धरूनच खांबाची उंची ठरवावी. जुळणी टेबलावर, रोख खांबावर. पत्ते वाटणारा एकच. नोंदवही दर महिन्यास.

चर्चेसाठी प्रश्न

१. घर व विहीर ह्यांत १००० मीटर अंतर असून मध्ये ४ मीटर उंच ऊस येणार आहे. जमीन सपाट आहे. अँटेना किती उंच हव्या?
२. पूल जुळल्याचा दिवा लागतो, परंतु विहिरीवरील मोबाइलला इंटरनेट मिळत नाही. कोणत्या दोन गोष्टी प्रथम तपासाव्यात?
३. आपल्या गावातील एक विहीर निवडून तेथपर्यंतच्या वाटेत पुढील दोन वर्षांत कोणती पिके येतील त्याची यादी करावी, आणि तेथे पूल टिकेल की नाही ते गटात ठरवावे.